कंपूचे पाटीलबावा

विसर्जनाच्या दिवशी आपल्या मिरवणुकीबरोबर बंदोबस्ताचे पोलीस चालतात. सगळ्यांचे लक्ष ढोल-ताशांकडे असते, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. माझी नजर मात्र त्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडे जाते. त्याला कारण आमच्या गल्लीतले एक निवृत्त पोलीस अधिकारी. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. उमेदीची वर्षे चंबळच्या बीहडांत काढलेला हा माणूस. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या पट्ट्याला पॉइंट अडतीसचे रिव्हॉल्व्हर असे. सहा घरांची चकरी, सहा गोळ्या. पुढे खात्यात नऊ मिलिमीटरची पिस्तुले आली. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारी ही पिस्तुले. मुठीतल्या मॅगझीनमध्ये १३ गोळ्या, आणि एक सुटली की दुसरी आपोआप नळीत चढते. कागदावर पाहिले तर दुपटीहून अधिक लाभ.

पण दादा सांगतात की जुन्या लोकांना ते बरेच दिवस पसंत पडले नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे घर समोर येते. पिस्तूल अडले तर दुसऱ्या हाताने वरचा सरकता भाग मागे खेचून अडकलेली गोळी बाहेर टाकावी लागते, आणि समोरून गोळ्या येत असताना, अंधारात, हे बोटांना न सांगता जमले पाहिजे. त्यासाठी सराव हवा, सरावासाठी काडतुसे हवीत, काडतुसांसाठी मंजुरी हवी. मॅगझीनची स्प्रिंग सैल झाली तर ती बदलणारा कारागीर हवा. हे सगळे मिळाले तर नवे हत्यार चांगले, नाही तर जुनेच बरे, असा दादांचा हिशेब.

त्यांचे हे बोलणे ऐकताना मला दर वेळी पाटीलबावांची आठवण होते. पाटीलबावा म्हणजे महादजी शिंदे. आपण ग्वाल्हेरकर कंपूत राहतो, कंपूतून बाड्यावर जातो, पण हे मोहल्ल्याचे नाव कुठून आले याचा विचार करत नाही. जुन्या मराठी कागदांत कवायती पलटणींच्या फौजेला कंपू म्हणत. ती फौज महादजींनी उभी केली. तलवार, भाला आणि तोड्याची बंदूक यांवर वाढलेल्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर आपल्या लष्कराचे हत्यार बदलले. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या हत्यारबदलाच्या अंगाने त्यांचे चरित्र पाहिले तर तो माणूस जरा वेगळा दिसतो, म्हणून हा लेख.

शिंदे मूळचे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे. पाटीलकी त्या गावची. म्हणूनच पुढे दिल्लीच्या बादशहाने केवढेही किताब दिले तरी महादजींना पाटील म्हणवून घेणेच आवडे. वडील राणोजी बाजीराव पेशव्यांच्या पदरी वर चढले. पेशव्यांचे जोडे छातीशी धरून झोपलेला हा इमानी माणूस बाजीरावांच्या नजरेत भरला, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगतात. माळव्याची वाटणी झाली तेव्हा उज्जैनचा भाग राणोजींकडे आला. १७४५ साली ते वारले. महादजींचा जन्म सुमारे १७३० चा. आई चिमाबाई. जयाप्पा, दत्ताजी आणि जोतिबा हे भाऊ मोठे आणि नावाजलेले. धाकट्या महादजींकडे घराण्याची सूत्रे येतील असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसावे.

ती आली ती एकामागून एक पडलेल्या प्रेतांवरून. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला दग्याने मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडले. एका वर्षाने, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला.

पानिपतावर थोडे थांबले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिथून सुरू होते. त्या दिवशी मराठ्यांकडे नवे हत्यार नव्हते असे नाही. इब्राहीमखान गारद्याच्या पलटणी होत्या, फ्रेंच पद्धतीने शिकवलेल्या, चकमकीच्या बंदुका आणि चांगल्या तोफा बाळगणाऱ्या. सकाळच्या प्रहरात त्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण पायदळाने रांग धरायची, तोफांनी मारा करायचा आणि घोडदळाने त्यांच्या बाजू सांभाळत थांबायचे, ही शिस्त बाकीच्या सरदारांच्या हाडात नव्हती. विंचूरकर आणि गायकवाड यांचे घोडदळ अधीर होऊन पुढे घुसले, आपल्याच तोफांच्या माऱ्याआड आले आणि मार खाऊन मागे फिरले. गारदी उघडे पडले आणि जागेवर कापले गेले. नवी बंदूक होती, पण तिच्याभोवतीचे सैन्य जुन्याच चालीचे होते. पिस्तूल दिले आणि सराव दिला नाही, म्हणजे जे होईल तेच झाले.

तिशीतले महादजी संध्याकाळी दक्षिणेच्या वाटेला लागले. एक अफगाण स्वार त्यांच्या मागे लागला. त्याने त्यांना गाठले, पायावर घाव घातला, अंगावरचे घेतले आणि मेला समजून सोडून दिले. राणेखान नावाचा एक भिस्ती त्या वाटेने चालला होता. त्याने जखमी महादजींना आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेत आणून पोचवले, अशी हकीकत सांगतात. पाय कायमचा अधू झाला. राणेखानाला महादजींनी पुढे भाऊ मानले, आणि नुसते मानले नाही. पाणी वाहणारा तो माणूस शिंद्यांचा सेनापती झाला. माणसाची पारख करताना जात, धर्म, मुलूख न पाहण्याची ही सवय महादजींना शेवटपर्यंत राहिली. बीडचे सूफी संत शहा मन्सूर यांच्यावर त्यांची श्रद्धा होती, आणि गोरखीच्या देवघरात आजही शिंदे घराणे त्यांचा मान राखते, हे आपल्याला ठाऊक आहेच.

घरची गादी मात्र सहज मिळाली नाही. राघोबादादांना दुसराच माणूस हवा होता. सात वर्षे वाद चालला. शेवटी थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७६८ मध्ये सरंजाम महादजींच्या नावे केला. पुढच्याच वर्षी रामचंद्र गणेश कानडे आणि विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्याबरोबर ते उत्तरेच्या मोहिमेवर निघाले. १७७१ च्या फेब्रुवारीत दिल्ली मराठ्यांच्या हाती आली आणि जानेवारी १७७२ मध्ये शहाआलम बादशहा मराठ्यांच्या आधाराने आपल्या राजधानीत परतला. पानिपतानंतर अवघ्या ११ वर्षांत. हे सगळे अजून जुन्याच हत्यारांनी.

आणि जुने हत्यार काही टाकाऊ नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची इंग्रज फौज राघोबांना पुण्याच्या गादीवर बसवायला घाट चढून आली. महादजींनी समोरासमोर लढाई दिलीच नाही. वाटेवरचे दाणा-वैरण जाळून टाकले, बाजूंनी घोडदळ लावून रसद तोडली, आणि तळेगावाहून मागे फिरलेली फौज वडगावला कोंडून धरली. इंग्रजांना शरणागतीचा करार लिहून द्यावा लागला. थोरल्या महाराजांच्या काळापासून चालत आलेला गनिमी कावा शंभर वर्षांनीही उपयोगी पडला होता. अशा विजयानंतर एखादा सेनापती म्हणाला असता की आमचे जुनेच बरे. आपल्या दादांच्या खात्यातले जुने लोक असेच म्हणत होते.

पण डोळे उघडायला फार दिवस लागले नाहीत, आणि उघडले ते आपल्याच किल्ल्यावर. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपम याच्या हाताखालच्या कंपनीच्या तुकडीने रात्रीच्या अंधारात ग्वाल्हेरचा किल्ला सर केला. शिपायांनी पायांत कापूस भरलेले जोडे घातले होते, खडकावर आवाज होऊ नये म्हणून. लाकडी शिड्या, मग दोर, आणि उजाडायच्या आत किल्ला गेला. हिंदुस्थानातला अजिंक्य म्हणून ज्याचा बोलबाला, तो महादजींच्या शिबंदीकडून एका रात्रीत निसटला. लगेच पुढच्या वर्षी सिप्रीकडच्या, म्हणजे आजच्या शिवपुरीच्या मुलखात कर्नल कॅमॅकने रात्रीचा छापा घालून महादजींच्या छावणीची वाताहत केली आणि तोफा नेल्या. रात्री छापा घालणे ही तर मराठ्यांची विद्या! ती कवायतीत मुरलेल्या पायदळाने त्यांच्यावरच उलटवली. मोकळ्या मुलखात फिरत्या घोडदळाला इंग्रज पकडू शकत नव्हते हे खरे, पण किल्ला धरायचा, राजधानी राखायची, एका मुलखात पाय रोवून महसूल गोळा करायचा, तर पळता घोडा पुरत नाही. आणि महादजींना आता उत्तरेत राज्य करायचे होते.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. सालबाई आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यातलेच. इंग्रज आणि पेशवे यांच्यात मध्यस्थ आणि जामीन म्हणून महादजी उभे राहिले, आणि इंग्रजांशी पुढची वीस वर्षे लढाई टळली. या सवडीचा त्यांनी जो उपयोग केला तो मला त्यांच्या लढायांपेक्षा मोठा वाटतो.

किल्ला इंग्रजांनी गोहदच्या राण्याला देऊन टाकला होता. महादजींनी १७८३ मध्ये वेढा घालून तो परत घेतला. या वेढ्याच्या दिवसांत एक फिरस्ता गोरा या भागात आला. त्याचे नाव बन्वा द बॉयन. आपल्या कागदांत डिबॉयन. सॅव्हॉयमधल्या शांबेरी गावच्या कातड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, फ्रेंच आणि रशियन फौजांत नोकरी करून मद्रासमार्गे इकडे आलेला. त्याने गोहदच्या राण्याला वेढा उठवून देण्याची एक योजना कळवली आणि त्यासाठी आगाऊ पैसे मागितले. राण्याने पैसे दिले नाहीत, उलट योजनेचा गवगवा केला. ती महादजींच्या कानावर गेली. दुसरा कुणी असता तर अशा माणसाला पकडून तोफेच्या तोंडी दिले असते. महादजींनी त्याला नोकरीवर ठेवले.

१७८४ मध्ये डिबॉयनने दोन पलटणी उभ्या केल्या, प्रत्येकी साधारण साडेआठशे माणसांच्या. वेश, बंदूक, कवायत, सारे कंपनीच्या शिपायांसारखे. लोक त्यांना तेलंगे म्हणत. महादजी तेव्हा चौपन्न-पंचावन्न वर्षांचे होते.

या बदलात नेमके काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. तोड्याच्या बंदुकीत पेटत्या दोरीने बार उडतो. नळी लांब असते आणि नेम चांगला बसतो, पण पावसात तोडा विझतो, रात्री त्याचा निखारा शत्रूला दिसतो, आणि बार भरायला वेळ लागतो. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. कागदी काडतूस दाताने फोडायचे, दारू आणि गोळी नळीत ठासायची, चाप ओढायचा. तयार शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढू शके. शिवाय नळीच्या टोकाला संगीन, म्हणजे बंदूक रिकामी झाली तरी घोडेस्वारापुढे भाला तयार. एकट्या माणसाच्या हातात ही बंदूक फार कामाची नव्हती, शंभर पावलांपलीकडे नेम बेभरवशाचा. तीन ओळींत खांद्याला खांदा लावून, हुकमासरशी एकदम बार काढला तरच तिचा परिणाम. म्हणजे हत्यार एका माणसाचे नसून साऱ्या रांगेचे झाले.

मराठी शिलेदाराच्या हे स्वभावाविरुद्ध होते. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, तलवार-भाला त्याचा स्वतःचा. घोडा मेला की त्याची मिळकत बुडाली. मग तोफांच्या तोंडावर तो घोडा कशाला घालील? त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे, पण तो हिशेबी होता आणि त्याचा हिशेब बरोबर होता. तेलंग्याची बंदूक सरकारची, काडतूस सरकारचे, अंगरखा सरकारचा. त्याच्याजवळ गमावण्यासारखा होता तो जीव, आणि जिवाच्या बदल्यात त्याला एकच गोष्ट हवी होती: वेळेवर पगार. जखमी झाला तर औषधपाणी आणि भरपाई, कायमचा अपंग झाला तर निर्वाहाची तरतूद, हेही कंपूत असे. आपल्याकडच्या फौजांत ही गोष्ट नवी होती.

पगार थकला की काय होते याचा धडा १७८७ च्या पावसाळ्यात मिळाला. महादजी तोवर मोगल दरबाराचे सूत्रधार झाले होते. बादशहाने पेशव्यांना वकील-ए-मुतलक नेमले होते आणि पेशव्यांच्या वतीने कारभार महादजींकडे होता. जयपूरकडून खंडणी येणे होती म्हणून ते राजस्थानात उतरले. लालसोटजवळ तुंगा येथे जयपूर आणि जोधपूरच्या फौजा एकत्र आल्या. लढाई निकाली लागण्याच्या आधीच महादजींकडच्या जुन्या मोगल पलटणी, ज्यांचे पगार कित्येक महिने थकले होते, तोफांसकट शत्रूला जाऊन मिळाल्या. राठोडांच्या घोडदळाचा लोंढा डिबॉयनच्या दोन पलटणींवर आला. त्या चौकोन करून उभ्या राहिल्या, राठोड अगदी जवळ येईपर्यंत थांबल्या, मग तोफा आणि बंदुकांचा एकदम मारा केला. राठोड फिरून फिरून आले आणि फिरून फिरून मागे गेले. लढाई हातची गेलीच, पण महादजींची माघार शाबूत राहिली ती बऱ्याच अंशी या दोन पलटणींमुळे.

त्यानंतरचे वर्ष त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. दिल्ली गेली, अलीगड गेले, आग्र्याच्या किल्ल्यात लखबादादा लाड एकटे झुंजत राहिले. पुण्याहून मदत यायला वेळ लागला. नाना फडणीस आणि महादजी यांचे कसे होते ते सर्वश्रुत आहे. जून १७८८ मध्ये आग्र्याबाहेर इस्माईल बेगाचा पराभव झाला आणि वारे फिरले. तेवढ्यात गुलाम कादिराने दिल्लीत शिरून म्हाताऱ्या शहाआलमचे डोळे काढले. त्याचा पाठलाग करायला महादजींनी पाठवले ते राणेखानाला. पानिपताच्या वाटेवरचा भिस्ती आता दिल्लीच्या लाल किल्ल्यात विजयी सेनापती म्हणून शिरला. गुलाम कादिर पकडला गेला आणि त्याला हालहाल करून मारले. त्या शिक्षेचे वर्णन मी इथे करत नाही.

लालसोटचा धडा घेऊन डिबॉयनने पलटणी वाढवण्याची मागणी केली. महादजींनी ती ताबडतोब मान्य केली असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. पैसा नव्हता, आणि जुन्या सरदारांचा विरोध होता. डिबॉयन नोकरी सोडून लखनौला व्यापार करायला निघून गेला. १७९० मध्ये महादजींनी त्याला परत बोलावले आणि या वेळी हात आखडला नाही: दहा पलटणींचा पुरा कंपू, त्याला तोफखाना, घोडदळ, आणि मुख्य म्हणजे दुआबातला मुलूख खर्चासाठी तोडून दिलेला. त्या मुलखाचा वसूल थेट फौजेच्या पगाराला. मुख्य ठाणे अलीगडला.

बंदुका आणि तोफा विकत आणून भागणार नव्हते, कारण विकणारा इंग्रज आणि उद्याचा शत्रूही इंग्रज. म्हणून आग्र्याला कारखाना काढला. त्यावर सँगस्टर नावाचा स्कॉच कारागीर होता, तोही पूर्वी गोहदच्या राण्याकडचा. त्याच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका घडत. एक बंदूक सुमारे १० रुपयांना पडे आणि विलायती मालापेक्षा फारशी कमी नसे. या कारखान्यात राबलेले लोहार, ओतारी, सुतार हे इथलेच. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या दादांना कळले तर ते म्हणतील की स्प्रिंग बदलणारा माणूस महादजींनी आधी शोधला होता.

सगळ्यांच्या हाती मात्र नवी बंदूक दिली नाही. कंपूत नजीबांच्या पलटणी होत्या, त्यांच्याकडे तोड्याच्या बंदुकाच राहिल्या. घोडदळही राहिले. पानिपतावर जे तुटले होते ते इथे सांधले: जुने आणि नवे एकाच हुकमाखाली.

त्या एका वर्षात फळ दिसले. २० जून १७९० रोजी जयपूरच्या उत्तरेला पाटण येथे इस्माईल बेग आणि राजपूत यांच्या फौजेचा मोड झाला. १० सप्टेंबरला मेडत्याला पहाटेच राठोडांच्या तळावर कंपू चालून गेला. राठोड स्वार केशरी वस्त्रे घालून मरायला आले आणि मेले. तीन वर्षांपूर्वी तुंग्याच्या मैदानावर हेच राठोड होते. शौर्य तेवढेच, किंबहुना अधिकच. मला मेडत्याची हकीकत वाचताना विजयाचा आनंद पूर्ण होत नाही, हे कबूल करतो. भाल्याचा काळ संपला हे कळायला एवढी तरुण पोरे खर्ची पडली.

पुढे दुसरा कंपू उभा राहिला, मग तिसरा. जून १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले. पेशव्यांना बादशाही किताब आणि वस्त्रे देण्याचा मोठा दरबार भरला. सवाई माधवराव अठरा वर्षांचे होते. त्या दरबारात महादजी खालच्या जागी जाऊन बसले आणि वडिलांची आठवण देत पेशव्यांचे जोडे त्यांनी आपल्या हाताने पुढे ठेवले. कुणी याला नम्रता म्हणतात, कुणी राजकारण. मला वाटते दोन्ही एकाच माणसात असू शकतात. नानांना त्यांनी उत्तरेच्या मोहिमांवर झालेल्या खर्चाची रक्कम मागितली, नानांनी उलट हिशेब मागितला. कंपू पोसणे किती महाग होते हे त्या कागदी भांडणावरून कळते.

ते पुण्यात असतानाच १ जून १७९३ रोजी बुंदीजवळ लाखेरीला शिंद्यांचा कंपू होळकरांच्या फौजेशी भिडला. तुकोजी होळकरांनीही एका फ्रेंच सरदाराच्या हाताखाली चार पलटणी तयार केल्या होत्या. दारूगोळ्याच्या गाड्यांना आग लागून मोठे स्फोट झाले. होळकरांच्या पलटणी जवळजवळ जागेवरच संपल्या. दोन्हीकडे मराठी निशाण, दोन्हीकडे कवायत, दोन्हीकडे संगीन. उत्तरेत शिंद्यांना तोंड देणारा मग कुणी उरला नाही. पुण्यातल्या जाणत्या लोकांना या बातमीने किती सुख झाले असेल ते सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीच्या तळावर तापाने महादजींचा अंत झाला. पोटी मुलगा नव्हता. भाऊ तुकोजींचा नातू दौलतराव गादीवर आला, तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. वानवडीला त्यांच्या दहनाच्या जागी छत्री आहे. पुण्याला नातेवाइकांकडे गेलात तर एकदा जाऊन या. आत महादेवाचे मंदिर आहे, आणि पुण्याच्या गर्दीत तिथे अजून शांतता असते.

एक गोष्ट महादजींनी केली नाही, आणि ती करायला त्यांना वेळ मिळाला असता तर त्यांनी केली असती की नाही, यावर आमच्या घरी गणपतीच्या दिवसांत दर वर्षी वाद होतो. बंदूक इथली झाली, शिपाई इथला, लोहार इथला, पगार इथल्या मातीतून. पण पलटणीला हुकूम देणारे अधिकारी परकेच राहिले. कंपूच्या निशाणावर सॅव्हॉयचा पांढरा क्रूस होता. राणेखान, लखबादादा, अंबूजी इंगळे अशी घरची माणसे घोडदळावर आणि मोहिमांवर होती, पण कवायती पायदळाचे सूत्र शिकलेला मराठी सरदारांचा वर्ग तयार झाला नाही. माझा एक भाचा म्हणतो, दहा वर्षांत एवढे झाले तेच पुष्कळ, आणखी दहा मिळाली असती तर तेही झाले असते. माझे मत वेगळे आहे. सरदारांच्या मुलांना पायी रांगेत उभे राहायचे नव्हते, आणि महादजींनीही त्यांना ते करायला लावले नाही.

डिबॉयन १७९५ च्या अखेरीस नोकरी सोडून गेला. जाताना त्याने दौलतरावांना इंग्रजांशी लढू नका, तशी वेळ आली तर पलटणी मोडून टाका पण लढू नका, असा सल्ला दिल्याचे सांगतात. त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ मध्ये लढाई जुंपली तेव्हा इंग्रजांनी शिंद्यांच्या नोकरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्याकडे येण्याचे आमिष दाखवले, आणि पुष्कळ जण गेले. पेराँही सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तरीही २३ सप्टेंबरला असईला आणि १ नोव्हेंबरला लासवाडीला या पलटणी आणि त्यांचे गोलंदाज असे लढले की इंग्रज सेनापतींनी त्यांची तारीफ केली. अनेक गोलंदाज तोफेजवळच मेले. हाती लागलेल्या तोफा तपासल्या तेव्हा त्या उत्तम निघाल्या.

डिबॉयन शांबेरीला परत जाऊन मोठा दानशूर म्हणून म्हातारा होऊन वारला. त्याच्या गावात त्याच्या नावाचे कारंजे आहे, त्याच्या चारी बाजूंना अर्धे हत्ती कोरलेले. इकडे दौलतरावांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली दक्षिणेला तळ टाकला. तंबू होते तिथे घरे झाली. त्या तळाचे लष्कर झाले आणि कवायती फौजेचे नाव कंपूला राहिले. आपले पणजोबा-खापरपणजोबा, कुणी कारकून, कुणी शिलेदार, कुणी भिक्षुक, कुणी गवई, याच तळाबरोबर किंवा त्याच्या मागून इकडे आले.